सुरुवात कुठून करू, ताई?

मागच्या अंकात आपण तरुण वाचकांना एवढंच विचारलं होतं की बाईच्या हक्काच्या कामात उतरायला तुम्हाला नक्की काय अडतं. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट आल्या, बऱ्याचशा अहिराणीत, आणि जवळजवळ सगळ्यांचा सूर एकच, की करायचंय पण कळत नाही कुठून. कोणाचंही नाव देत नाहीये, गावही नाही, फक्त तालुका, कारण आपल्याकडे गाव आणि कॉलेजचं वर्ष एवढ्यावरून पोरगी कोणाची ते पारावर कळतं. मोठी पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी एस.वाय.बी.ए.ला आहे, अमळनेर तालुका, गावाहून रोज येऊन-जाऊन करते. शेवटचा तास सोडून चारची गाडी पकडावी लागते कारण पुढची एकदम साडेसातला आहे आणि मग फाट्यावरून गावापर्यंत अंधारात चालावं लागतं. इन्स्टावर फेमिनिझमवर खूप बघते वाचते, डोकं तापतं, पण आमच्या गावात ना संघटना ना कोणी मॅडम. पुण्या-मुंबईच्या मुली काय काय करतात. मी एकटी काय करणार? घरी कळलं तर कॉलेज बंद व्हायची भीती आहे.

उत्तर : तू गाडीचं सहज लिहून गेलीस आणि मग पुण्या-मुंबईकडे वळलीस, पण मला वाटतं तुझं काम त्या चारच्या गाडीतच आहे. अंधारात चालायला नको म्हणून तास सुटतो, तास सुटतो म्हणून मार्क कमी, मार्क कमी म्हणून घरचे म्हणतात कशाला एवढी धावपळ, आणि मग स्थळं बघायला सुरुवात. तुझ्याच वर्गातल्या मुलाला तीच साडेसातची गाडी चालते, नाहीतर तो कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातो. इन्स्टावर जे मोठे मोठे शब्द वाचतेस ना, ते ह्याच गोष्टीबद्दल आहेत.

आता करायचं काय. मी सगळ्या पोरींना सांगते की पहिला विषय असा धरा ज्याचं उत्तर देणं कोणाच्या तरी पगारी कामात बसतं. समाजाची मानसिकता बदला असं निवेदन लिहिलं तर ते ठेवणार कोणाच्या टेबलावर? गाडीच्या वेळेला मात्र टेबल आहे, एसटीचा आगार व्यवस्थापक. तर असं कर, आठ-दहा दिवस एका वहीत लिहून ठेव, गाडी किती वाजता आली, किती मुली होत्या, कोणी कुठला तास सोडला. मग तुझ्या आणि मधल्या गावांतल्या मुलींच्या सह्या, सहीसमोर वर्ग आणि गाव. अर्ज एक पानाचा, मागणी एकच, साडेपाचच्या सुमाराला एक फेरी. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, साहेब कितीही गोड बोलले तरी, कारण पोच नसेल तर तू तिथे गेलीच नव्हतीस असं होतं. पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर विभाग नियंत्रकाकडे पोचची झेरॉक्स लावून दुसरा अर्ज, आणि सोबत माहिती अधिकाराचा एक, त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात विचार की ह्या मार्गावर गेल्या सहा महिन्यांत कुठल्या फेऱ्या ठरलेल्या होत्या आणि कुठल्या रद्द झाल्या. मानव विकासच्या त्या निळ्या बस असतात ना शाळेच्या मुलींसाठी, त्या तुमच्या तालुक्यात असतील तर कुठल्या गावांना जातात तेही विचारून घे, धाकट्या बहिणींचं त्यात काम होईल. आणि हे पण अर्जात लिही की मार्च २०२३ पासून बाईला एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा आम्हाला गाडी असेल तरच आहे.

एकटी जाऊ नको. तिघी जा, आणि त्यात एक तरी चाळिशीच्या पुढची बाई असू दे, म्हणजे ऑफिसात कोणी पोरी पोरी म्हणून हाकलत नाही आणि गावात कोणी वेगळा अर्थ काढत नाही. गावात कोणी मॅडम नाही म्हणतेस, पण आशा ताई आहे, अंगणवाडीच्या ताई आहेत, बचत गटांचं काम बघणारी सीआरपी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीच्या ताईंनी राज्यभर संप पुकारला, दीड महिन्याच्या वर चालला तो. घरचं आवरून मोर्चाला कसं निघायचं, साहेबासमोर आवाज न चढवता पण न घाबरता कसं बोलायचं, पोलिसांनी अडवलं तर काय, हे सगळं त्यांना माहीत आहे आणि तुझ्याच गल्लीत राहतात त्या. त्यांच्याकडे जाऊन बस. शिकवायला जाऊ नको, बस आणि ऐक.

दुसरं, तुझं नाव मतदार यादीत आहे का ते आज बघ. असेल तर तू ग्रामसभेची सदस्य आहेस, कोणाच्या परवानगीने नाही, कायद्याने. नसेल तर नाव नोंदवायचा नमुना ६ भरून टाक, मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओकडे मिळतो, मोबाईलवरूनही भरता येतो. आपल्या राज्यात नियमच आहे की ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, महिला ग्रामसभा, आणि तिथे जे ठरेल ते मोठ्या सभेसमोर यायला पाहिजे. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरवर होते, शिपाई घरोघर फिरून सह्या घेतो, बायकांना माहीतही नसतं आपण कशावर सही केली. ती सभा खरोखर भरवणं, सतरंजी टाकून, बायका बसवून, हे एक काम एवढं मोठं आहे की एखादीचं पूर्ण वर्ष त्यात जावं. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत पण खुर्चीत मिस्टर बसतात हे आपण सगळीकडे बघतो, तर त्या सभेत सरपंच बाईंनाच बोलू द्या असा आग्रह धरायचा, प्रेमाने धरायचा, कारण त्या बाईला घरी परत जायचं असतं.

आणि तारीख निवडताना आपलं कॅलेंडर बघ. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले, बायका एकत्र बसलेल्या असतात, गाणी चालू असतात, त्या चार दिवसांत गावातल्या बायकांशी जेवढं बोलणं होतं तेवढं एरवी वर्षभरात होत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सभा ठेवलीस तर एकही येणार नाही आणि तुला वाटेल बायकांना काही पडलेलीच नाही.

घरचं. मी चळवळीत जाते असं सांगायची काही गरज नाही, गाडीसाठी सह्या गोळा करतेय असं सांग, ते खरंच आहे. आधी आईला सांग, वडिलांना आईकडून कळू दे. काहीजणी म्हणतील की हे लपवणं झालं, मला तसं वाटत नाही. गाडी आली की तुझे वडीलच पारावर सांगतील की आमच्या पोरीने आणली.

प्रश्न : माझ्या मावशीच्या मुलीचं लग्न ठरलंय, ती दहावीला आहे, १६ सुद्धा पूर्ण नाही. तिला नकोय, मला रडून फोन केला. मी कळवलं तर मावशी आयुष्यभर तोंड बघणार नाही. मी शिंदखेडा तालुक्यातली. काय करू?

उत्तर : कळव. ह्यात मी तुला दोन बाजू सांगत बसणार नाही.

१०९८ ला फोन कर, फुकट आहे, चोवीस तास चालतो, तुझं नाव गुप्त ठेवतात आणि नाव सांगितलंच पाहिजे असंही नाही. मुलीचं नाव, गाव, शाळा, लग्नाची तारीख आणि ठिकाण एवढं नीट सांग, आणि तारखेच्या आदल्या दिवशी नको, आजच, कारण मांडव पडल्यावर, पाहुणे आल्यावर थांबवलं तर सगळा राग त्या मुलीवर निघतो. गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांच्या कामाचाच भाग आहे तो. २००६ चा कायदा आहे, मुलगी १८ आणि मुलगा २१, त्याखाली लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कोर्टाकडून मनाईहुकूम पण आणता येतो, आणि मनाई असताना लावलेलं लग्न लग्नच धरत नाहीत. हे सगळं मावशीला आधी घरातलं कोणी मोठं माणूस शांतपणे सांगू शकत असेल, मामा असतील, शाळेचे सर असतील, तर तो रस्ता पण बघ, कित्येकदा केटरिंगवाला आणि भटजी पण अडकतो हे कळलं की लग्न आपोआप पुढे ढकलतात. पण त्यात वेळ घालवू नको.

आपल्या भागाची स्थिती काय आहे ते पण माहीत असू दे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, आणि धुळे जिल्ह्यात तेच ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुझी बहीण एकटी नाहीये, तिच्या वर्गातच अजून असतील.

लग्न थांबलं की काम संपलं असं मात्र समजू नको. खरी ओढाताण तिथून पुढे आहे. थांबलेल्या लग्नाची मुलगी घरात बसते, टोमणे खाते, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन गुपचूप लावून टाकतात. म्हणून तिचं शाळेत जाणं चालू राहील हे कोणीतरी बघायला हवं, दर आठवड्याला तिला फोन, दहावीचा फॉर्म भरला का, परीक्षेला कोण नेणार, आणि जास्तच झालं तर जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे, तिथे तिची राहायची सोय होऊ शकते. तुला मोहीम करायचीय ना, तर तालुक्यातल्या चार-पाच मैत्रिणींनी मिळून फक्त हे एक करा, थांबलेल्या लग्नांच्या मुलींना बारावीपर्यंत सोडायचं नाही. मावशीचं तोंड आज ना उद्या दिसेल.

प्रश्न : जोहार ताई. मी धडगावची, नर्सिंग करते नंदुरबारला. कॉलेजमध्ये महिला दिनाला ज्या मॅडम आल्या त्या हुंडा आणि हळदीकुंकू ह्यावर बोलल्या, आमच्यात मुलीकडून हुंडा नसतोच, आमच्यात मुलाकडचे मुलीकडच्यांना देज देतात. आमच्या पाड्यावर प्रश्न दारूचा आहे आणि एका म्हाताऱ्या बाईला डाकीण म्हणायला लागलेत त्याचा आहे. हे स्त्रीवादात बसतं का?

उत्तर : जोहार. बसतं का काय विचारतेस, महाराष्ट्रातल्या बायकांच्या चळवळीचं एक मूळच तुमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. १९७० नंतर शहाद्याला, तेव्हा तो धुळे जिल्ह्यात होता, गहाण पडलेल्या आणि बळकावलेल्या जमिनींसाठी भिल्लांचा लढा उभा राहिला, अंबरसिंग महाराज त्यातले मोठे पुढारी, आणि श्रमिक संघटना त्यातूनच आली. मोर्चात बायका सगळ्यात पुढे असायच्या, घोषणा त्या द्यायच्या, गाणी त्या रचायच्या. मग त्यांच्या शिबिरात त्या एकमेकींशी बोलायला लागल्या आणि निघालं काय, तर नवरा दारू पिऊन मारतो. १९७२-७३ च्या सुमाराला त्याच बायका जथ्थ्याने निघाल्या, गावोगाव गेल्या, गुत्त्यावरची मडकी फोडली, मारणाऱ्या नवऱ्याला सगळ्यांसमोर जाब विचारला. पुण्यात १९७५ ला स्त्रीमुक्तीची मोठी परिषद भरली त्याच्याही आधीची ही गोष्ट. तुमच्या आजीच्या वयाच्या बाया अजून असतील ज्यांना हे आठवतं. नर्सिंगच्या सुट्टीत त्यांना शोध, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव, कोणीतरी करायलाच पाहिजे ते आणि तुला भाषा येते.

दारूचं बघ. मोहाच्या दारूला तुमच्याकडे पूजेत, देवाच्या कामात जागा आहे, त्यामुळे बाहेरच्याने येऊन सरसकट बंदी म्हटलं की लोक बिथरतात, आणि बरोबर बिथरतात. विकायची दारू, गाडीने येणारी दारू, हा वेगळा विषय. तुमचा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम तुम्हाला लागू आहेत, त्यात पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते आणि नशेच्या पदार्थांवर बंधन घालायचा अधिकार त्या ग्रामसभेला आहे. म्हणजे काय विकू द्यायचं, काय नाही, हे तुमचे लोक ठरवू शकतात, बायकांनी सभेत बसायला हवं फक्त. (बिगर आदिवासी भागातल्या वाचक मुलींसाठी, तुमच्याकडे लायसनच्या दुकानासाठी आडवी बाटली उभी बाटलीचं, म्हणजे दुकान बंद की चालू ह्याचं, मतदान आहे, २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करता येते, पण लक्षात ठेवा की निम्म्याहून जास्त मतं यादीतल्या नावांच्या हिशोबाने लागतात, त्या दिवशी आलेल्यांच्या नाही. ऊसतोडीला, विटभट्टीला गेलेल्या बायका मोजल्या जातात पण मत देत नाहीत आणि तिथेच दारूवाला जिंकतो. म्हणून तारीख कधीची घेतात ह्यावर भांडा.)

डाकिणीचं मात्र थांबू नको. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, एखादी बाई करणी करते, भूत लावते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, आणि इन्स्पेक्टर दर्जाचा दक्षता अधिकारी असतो त्यासाठी. पण तू नर्सिंग करतेस, आणि इथे पोलिसांपेक्षा तुझं काम मोठं होऊ शकतं. बहुतेक वेळा सुरुवात होते ती कोणाचं तरी लेकरू दगावलं, कोणाची गाय मेली, ताप उतरत नाही अशातून, आणि बोट दाखवलं जातं ते एकट्या बाईकडे, विधवा, मूल नसलेली, कधी कधी जिच्या नावावर जमीन आहे ती. म्हणून त्या घरी कोण आजारी आहे ते आधी बघ, आशा ताईला घेऊन जा, दवाखान्यात न्या. मग पावरीत, भिलीत, तुमच्या बोलीत समजावून सांग, मराठी पोस्टर चिकटवून तिथे काही होत नाही. आणि म्हाताऱ्या बाईजवळ रात्री कोणी ना कोणी झोपायला राहील एवढी व्यवस्था आधी करा, पटवत बसायचं ते नंतर. मारहाणीची भाषा सुरू झाली असेल तर ११२, लगेच.

पुढच्या महिला दिनाला कॉलेजात तूच बोल.

प्रश्न : मी जळगावला शिकते. छेडछाडीवर एक व्हिडिओ टाकला तर कमेंटमध्ये घाण घाण लिहिलं, आणि आता एका फेक अकाउंटवरून मेसेज येतोय की तुझा फोटो एडिट करून टाकीन. घरी सांगितलं तर फोनच काढून घेतील.

उत्तर : काहीही डिलीट करू नको. आधी स्क्रीनशॉट, अकाउंटचं नाव आणि लिंक दिसेल असे, तारीख-वेळ दिसेल असे, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेव. मग ब्लॉक. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर बायका आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे तक्रार घाल, नाहीतर जवळच्या पोलिस ठाण्यात, हद्द कुठलीही असली तरी त्यांना झिरो एफआयआर घ्यावा लागतो. ऑनलाइन पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये गुन्हा आहे. खासगी फोटो बाहेर यायची भीती असेल आणि तू १८ च्या वर असशील तर स्टॉप एनसीआयआय नावाची फुकट सोय आहे, फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याची फक्त एक खूण तयार होते आणि ती इन्स्टा-फेसबुकसारख्या कंपन्यांकडे जाते, मग तो फोटो तिथे चढवायला गेला की अडवता येतो.

आणि घरी सांग. मला माहितीये हे ऐकायला नकोसं वाटतं. पण जळगावकरांना आठवत असेल, १९९४ साली ह्याच शहरात मुलींना जाळ्यात ओढून फोटोंच्या धाकावर अत्याचार झाल्याचं प्रकरण बाहेर आलं, देशभर गाजलं, आणि बदनामीच्या भीतीने कित्येक मुली साक्षीला पुढेच आल्या नाहीत. धमकी देणाऱ्याचं सगळं भांडवल तेवढंच असतं, तू घरी सांगणार नाहीस हे. आई-वडिलांशी बोलणं होतच नसेल तर आत्या, मोठी वहिनी, कॉलेजातल्या विश्वासाच्या मॅडम, कोणीतरी एक मोठं माणूस आजच्या आज. फोन काढून घेतील म्हणालीस, तर त्यांना सांग की पुरावा फोनमध्येच आहे, तो बंद केला तर तो मुलगा सुटेल.

व्हिडिओ ठेवायचा की काढायचा हे तू ठरव. काढलास तरी माझ्या लेखी तू हरली नाहीस.

प्रश्न : मी मुलगा आहे, भुसावळ, आयटीआय झालाय. बहिणीमुळे हे सगळं कळायला लागलं. पण मित्र बायल्या म्हणतात, आणि मुलींच्या मीटिंगला गेलो की त्या पण संशयाने बघतात. मुलांनी काय करायचं?

उत्तर : भाऊ, त्यांनी संशयाने बघणं साहजिक आहे, सहा महिने सतरंज्या उचल, माइक मागू नको, आपोआप कमी होईल. पण तुझं खरं काम मुलींच्या मीटिंगमध्ये नाहीच, तुझ्या कट्ट्यावर आहे, जिथे आम्ही कोणी पोचू शकत नाही. बसस्टँडवर मित्राने शेरा मारला तर तिथल्या तिथे चूप म्हणणारा एक मुलगा लागतो. अवघड आहे, मैत्री तुटते कधी कधी.

आणि मित्रांशी बोलायला एक विषय देते. लग्नाला पोरी मिळत नाहीत म्हणून सगळे रडतायत ना? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, राज्यात ८९४. ती लेकरं आता लग्नाच्या वयाला येतायत. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ ला देशात पहिला कायदा आपल्या राज्याने केला आणि तरी आपल्या केळीच्या, कापसाच्या सुखवस्तू पट्ट्यात हे झालं, बापांनी आणि आज्यांनी पैसे मोजून केलं. ह्यावर पोरांनी पोरांशी बोलायला हवं, आपल्या घरात कोणाचा गर्भ पाडला का हे विचारायला हवं. बहिणीच्या वाट्याचं पण विचार घरात, शेतीत तिचं नाव लागणार आहे का. तू हे विचारलंस तर त्याला वजन आहे, कारण तुझा वाटा कमी होणार आहे.

थोडक्यात काही : धुळ्याच्या एकीने विचारलंय की सर वाईट बोलतात, कुठे सांगू. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरची एक सदस्य, आणि यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनी विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी पण. लेखी द्यायचं, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीची नावं फलकावर लावलेली नसतील तर ती लावा एवढीच पहिली मागणी करा, सगळ्या मुली मिळून, म्हणजे तू एकटी दिसणार नाहीस. चोपड्याच्या मुलीला, हो, मोर्चा काढण्याआधी पोलिस ठाण्यात लेखी कळवायचं, मार्ग, वेळ, माणसं किती, आणि जिल्ह्यात पोलिस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदीचा आदेश चालू आहे का ते विचारून घ्यायचं. सणासुदीला बहुतेक असतोच.

प्रश्न : वडील जाऊन चार वर्षं झाली. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा आमच्या भाऊबंदकीत आईला नैवेद्याच्या रोटाचं दळण करायला बोलावतात, पण ओटी भरायला, आरतीला मागे बसवतात. ती काही बोलत नाही. मला चीड येते. मी पारोळा तालुक्यातली, बी.एस्सी. करते. गावात ह्यावर काही करता येईल का?

उत्तर : येईल, आणि झालेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, कार्यात मागे ठेवणं, सगळं. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. त्यामुळे तुमच्या ग्रामसेवकाला हे नवीन नाही, परिपत्रक त्याच्याकडे आलेलं आहे, तू ते काढायला लाव.

पण सगळ्यात आधी आईला विचार. तिच्या नावाने तू सभेत उभी राहिलीस आणि तिला ते नको असलं तर तिला दुप्पट त्रास. कदाचित ती म्हणेल मला त्या ओटीचं काही नाही गं, मला सातबाऱ्यावर नाव लावून दे, तुझा काका टाळतोय. मग आधी तलाठ्याकडे जा, वारसाची नोंद करून घ्या. बायकांच्या मनात काय असतं ते आपण चिडून गेलो की ऐकू येत नाही. आणि ती हो म्हणाली तर भाऊबंदकीतल्या अजून दोन-तीन विधवा बायका आणि एक मोठी सवाष्ण काकू, जिचा शब्द सगळे ऐकतात, ह्यांच्याकडे तिला घेऊन जा. ठराव पंचायतीचा होईल पण कानबाईसमोर आईला पुढे बोलावणार आहे ती काकूच, तिच्याशिवाय कागद कागदच राहतो.

श्रावण यायच्या आधी महिला ग्रामसभेची तारीख विचारून ठेव. ठरावाचा मजकूर लिहिलास की आम्हाला पाठव, आपण दोघी मिळून बघू, आणि त्यात ओटी आणि आरती हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहायचे, मोघम सन्मानाने वागवावे असं नको.